उजवा हात, डावी कंबर: क्रॉस-ड्रॉ होल्स्टर घेण्याआधी

तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी, माझे जुने स्नेही, दिवाळीनंतर साताऱ्याला घरी आले. चहा यायच्या आधीच त्यांनी जॅकेट बाजूला करून दाखवलं. डाव्या कमरेवर, पोटाकडे थोडं सरकवलेलं चामड्याचं होल्स्टर, म्हणजे हत्याराची म्यान, आणि रिव्हॉल्व्हरची मूठ उजव्या हाताकडे वळलेली. "सुभेदार, आता गाडीत बसल्या बसल्या हात पोचतो बघा. सगळे हेच सांगतात."

सगळे म्हणजे मोबाईलवरचे परदेशी व्हिडिओ. मी त्यांना रिव्हॉल्व्हर रिकामं करायला लावलं. काडतुसं मोजली, हत्यार आणि काडतुसं वेगवेगळ्या कप्प्यांत कुलूपबंद केली. त्यांच्या होल्स्टरमध्ये माझ्याकडचा लाकडी नमुना घातला आणि त्यांना त्यांच्याच गाडीत स्टिअरिंगमागे बसवून म्हटलं, "आता पट्टा लावा."

पट्टा उजव्या खांद्यावरून छातीवर तिरपा खाली आला आणि डाव्या कमरेशी कुलपात बसला. मांडीवरून येणारा पट्टाही तिथंच येऊन मिळाला. दोन्ही पट्ट्यांच्या बेचक्यात मूठ अडकली. त्यांनी दोनदा हात घातला. पहिल्यांदा अंगठा होल्स्टरच्या बटणापर्यंत पोचलाच नाही, दुसऱ्यांदा पोचला पण नमुना पट्ट्यात गुंतला.

ज्या देशांतून ही शिफारस येते तिथं स्टिअरिंग डावीकडे असतं. तिथं पट्टा डाव्या खांद्यावरून येऊन उजव्या कमरेशी अडकतो, म्हणून उजव्या कमरेचं पिस्तूल पट्ट्याखाली गाडलं जातं आणि डावीकडचं मोकळं राहतं. आपल्याकडे गणित नेमकं उलटं. क्रॉस-ड्रॉचं, म्हणजे डाव्या कमरेचं हत्यार उजव्या हातानं आडवं काढण्याच्या पद्धतीचं, सगळ्यात जास्त कौतुक ज्या गुणासाठी होतं, तो गुण आपल्या ड्रायव्हर सीटवर बसला की बराचसा नाहीसा होतो. हे मला कुठं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हा लेख.

आधी परवान्याचं

हे सगळं परवानाधारकांसाठी आहे. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 हे दोन्ही तुमच्या कमरेला लागू आहेत. सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर ती होल्स्टरमध्ये किंवा तशाच धारकात, अंगाला लावलेली, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात असली पाहिजे. मूठ दिसेल असं मिरवणं नियमात बसत नाही. जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर सभा, शाळा-कॉलेजचं आवार या ठिकाणी खास परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. मांढरदेवीला किंवा पालीच्या खंडोबाला जाताना ते घरच्या तिजोरीत राहू द्या. निवडणुकीत जमा करायचा आदेश आला की पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची. 2019 च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. परवान्यावर छापलेल्या अटी एकदा शांतपणे वाचा. बऱ्याच जणांनी त्या वाचलेल्याच नसतात.

म्हणजे नेमकं कसं

कंबरेभोवती घड्याळ आहे असं समजा. बेंबीवर 12, उजव्या कमरेवर 3, डाव्या कमरेवर 9. उजव्या हाताचा माणूस नेहमी 3 ते 4 च्या मध्ये होल्स्टर लावतो आणि कोपर सरळ मागं घेऊन हत्यार काढतो. क्रॉस-ड्रॉमध्ये होल्स्टर 10 ते 11 च्या मध्ये येतं, मूठ पुढं आणि नळीचं तोंड खाली, मागं, डावीकडे. हात पोट ओलांडून जातो. आपल्या लोकांना ही हालचाल नवी वाटायला नको, कारण डाव्या कमरेची तलवार उजव्या हातानं अशीच निघते. फरक एवढाच की तलवारीचं पातं वाटेत ज्याच्याकडे वळेल त्याला लागत नाही, नळीचं तसं नाही.

आपल्याकडे परवान्यावर बहुतेकांकडे .32 बोअर असतं. कानपूरला बनलेलं सरकारी कारखान्याचं .32 रिव्हॉल्व्हर नळीनं तीन इंची आणि वजनानं रिकामं साधारण 700 ग्रॅम. इतकी आखूड नळी 3 वाजताच्या होल्स्टरमधूनही सहज बाहेर येते. लांब नळी डावीकडून आडवी ओढणं सोपं जातं हा क्रॉस-ड्रॉचा जुना फायदा आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्याची गरजच नसते.

कुणाला खरंच उपयोगी

पहिला माणूस म्हणजे जो स्वतः गाडी चालवत नाही. ड्रायव्हर ठेवलेले कंत्राटदार, सराफ, विट्याकडचे गलाई (सोनं-चांदी गाळणारे) व्यावसायिक डावीकडच्या सीटवर बसतात, पुढं किंवा मागं. तिथं पट्टा डाव्या खांद्यावरून येऊन उजव्या कमरेशी अडकतो. डावी कंबर दाराकडे, मोकळी. या सीटवर उजव्या हाताच्या माणसाला क्रॉस-ड्रॉइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

दुसरा माणूस डावखुरा. त्याचं क्रॉस-ड्रॉ उजव्या कमरेवर, 1 ते 2 च्या मध्ये येतं. ड्रायव्हर सीटवर त्याची उजवी बाजू दाराकडे असते, पट्ट्याचं कुलूप लांब डावीकडे. डावखुऱ्यांना आयुष्यभर सगळ्या वस्तू उलट्या मिळतात. इथं मात्र आपली गाडी त्यांच्या बाजूची आहे.

तिसरा, ज्याचा खांदा धरलाय. उजवा हात मागं जात नाही, पाठीमागं खाजवताही येत नाही, अशा माणसाला 4 वाजताचं होल्स्टर निरुपयोगी. पोटासमोरून हात नेणं त्याला जमतं. माझा उजवा खांदा दोन हिवाळे असाच होता. तेव्हा मी स्वतः क्रॉस-ड्रॉ वापरलं आणि त्याचे उपकार मानतो.

चौथा, दिवसभर गल्ल्यावर खुर्चीत बसणारा. खुर्चीचा हात 3 वाजताच्या मुठीला सारखा टेकतो, टरटर आवाज येतो, शर्टाला भोक पडतं. समोरच्या बाजूला असलेलं होल्स्टर त्यातून सुटतं. शिवाय गरज पडलीच तर डावा हातही मनगट वळवून मुठीपर्यंत पोचतो. उजवा हात जखमी झाला तर ही गोष्ट मोठी आहे.

मोटारसायकलवर मात्र दोन्ही बाजूंनी बोलावं लागेल. पुढं वाकून बसल्यावर नळी मांडीत घुसत नाही, हे खरं. पण जॅकेटची चेन उघडी असली की हमरस्त्यावर वाऱ्यानं डावा पदर उडतो आणि मूठ साऱ्या जगाला दिसते. आणि नळीचं तोंड मागं, म्हणजे मागं बसलेल्या माणसाच्या गुडघ्याकडे असतं. होल्स्टरचा कोन चुकीचा असेल तर ते आणखी वर उचललं जातं.

जे तोटे कुणी सांगत नाही

तासगावच्या शेठना मी गाडीत आणखी एक गोष्ट दाखवली. लाकडी नमुन्याच्या नळीवर मी चिकटपट्टीनं लहान लेझर टॉर्च बांधलेला आहे. तो चालू केला आणि म्हटलं, आता सावकाश काढा, ठिपका कुठं जातो ते बघा. लाल ठिपका आधी त्यांच्या स्वतःच्या डाव्या कोपरावर आला. मग शेजारच्या सीटवर, जिथं माणसाचं पोट असतं त्या उंचीवर, सरकत सरकत डॅशबोर्डवर गेला आणि शेवटी काचेवर. शेजारच्या सीटवर त्यांच्या सौभाग्यवतींची शाल घडी करून ठेवलेली होती. ठिपका त्या शालीवरून गेला. शेठ काही बोलले नाहीत. टॉर्च बंद करून त्यांनी नमुना माझ्या हातात दिला.

स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीत चालकाच्या डावीकडे दार असतं. आपल्याकडे डावीकडे माणूस असतो, बहुधा घरचंच. क्रॉस-ड्रॉचा हा सगळ्यात मोठा दोष आहे आणि गाडीबाहेरही तो तसाच राहतो: नळी समोर येईपर्यंत डावीकडचा अख्खा चतकोर भाग ती पुसत येते. ज्या नेमबाजीच्या ठिकाणी ओळीनं उभं राहून सराव होतो, तिथं याच कारणानं क्रॉस-ड्रॉला बऱ्याचदा मनाई करतात. म्हणजे ज्या पद्धतीनं हत्यार बाळगणार, तिचा प्रत्यक्ष गोळीचा सराव करायची सोय मिळणंच अवघड. घेण्याआधी आपल्या ठिकाणच्या प्रशिक्षकाला विचारा.

दुसरा दोष हिसकावण्याचा. मूठ पुढं आणि समोरच्याच्या हाताकडे. साताऱ्याच्या मोती चौकात संध्याकाळी किंवा सांगलीच्या गणपती पेठेत गर्दीत चालताना समोरून येणाऱ्याचा उजवा हात तुमच्या मुठीपासून वीतभर अंतरावरून जातो. 3 वाजताच्या होल्स्टरवर तुमचं कोपर आपोआप राखण करतं. इथं करत नाही. आणि झटापटीत कुणी तुमचा उजवा हात तुमच्याच पोटाशी दाबून धरला, तर तो तिथंच अडकला. पोलिसांच्या पिस्तुलाला दोरी का असते ते आठवा. क्रॉस-ड्रॉ लावायचंच तर अंगठ्यानं उघडणारं बटण असलेलं होल्स्टर हवं, उघड्या तोंडाचं नको.

तिसरा आपल्या बसण्या-उठण्याचा. मांडी घालून पंगतीला बसलात की डावी मांडी वर येते आणि होल्स्टर ओटीपोटात रुतते. वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकलात की मूठ शर्टातून बाहेर डोकावते. पोट सुटलेल्या माणसाला हात पोट ओलांडून न्यावा लागतो, तो पुरेसा पोचत नाही. बायकांपैकी ज्या पँट-शर्टवर पट्टा लावतात, त्यांच्यातल्या काहींना रुंद कमरेमुळे 3 वाजताचं होल्स्टर बरगडीला लागतं आणि क्रॉस-ड्रॉ बरं वाटतं. काहींना छातीमुळे हात नेणंच अडचणीचं होतं. ज्याचं त्यानं अंगावर लावून बघायचं.

घरी तपासायची रीत

पैसे खर्च करण्याआधी एक रविवार द्या. तपासताना खरं हत्यार वापरायचं नाही.

सुताराकडून आपल्या रिव्हॉल्व्हरच्या मापाचा सागवानी किंवा बाभळीचा नमुना करून घ्या. नळीची लांबी, मुठीचा बाक आणि चापाभोवतीची कडी एवढं बरोबर आलं तरी पुरे. हत्यार सुताराकडे न्यायचं नाही. कागदावर बाह्यरेषा काढून तो कागद द्यायचा. नमुन्याला ठळक लाल किंवा पिवळा रंग द्या, म्हणजे घरात कुणाचा घोटाळा होणार नाही. नळीवर लेझर टॉर्च बांधा. तो कुणाच्या डोळ्यात जाणार नाही हे बघा, पोरांना खोलीबाहेर काढा.

मग कुणाचं तरी जुनं होल्स्टर मागून आणा, किंवा जाड रेक्झिनचं तात्पुरतं शिवून घ्या, आणि 10 वर, साडेदहावर, 11 वर लावून बघा. प्रत्येक जागी आधी उभं राहा, मग खुर्चीवर, मग जमिनीवर मांडी घालून, मग उकिडवं. शौचालयाचाही विचार करा. पट्टा सैल झाला की होल्स्टर कलतं, आणि बाहेर फळीवर काढून ठेवलेलं हत्यार विसरलं जातं. नमुना घालून ही सवयसुद्धा करून बघायची: हत्याराला हात न लावता होल्स्टर पट्ट्यासकट मांडीवर धरून ठेवायचं.

त्यानंतर गाडी. ज्या सीटवर तुम्ही आठवड्यातले बहुतेक दिवस बसता त्याच सीटवर बसा, पट्टा लावा, रोजचं जॅकेट घाला. हात मुठीपर्यंत, अंगठा बटणापर्यंत पोचतो का? शेजारच्या सीटवर उशी ठेवा आणि लेझरचा ठिपका तिच्यावरून जातो का ते बघा. जात असेल तर त्या सीटवर हे होल्स्टर तुमचं नाही. माझं मत इतकं स्पष्ट आहे. स्वतः गाडी चालवणाऱ्या, उजव्या हाताच्या, कुटुंबाला शेजारी बसवणाऱ्या माणसानं क्रॉस-ड्रॉ घेऊ नये. शेठनी ते परत केलं आणि 3 वाजताचं घेतलं.

शेवटी आरशासमोर हात वर करा, वाका, जिना चढा, स्कूटरवर बसा. मूठ दिसली तर कपडे बदला किंवा जागा बदला.

होल्स्टर आणि पट्टा निवडताना

चापाची कडी पूर्ण झाकलेली पाहिजे. ही अट पाळत नाही ते होल्स्टर फुकट मिळालं तरी घेऊ नका. ते तुमच्याच मॉडेलसाठी केलेलं हवं. रिव्हॉल्व्हरचं काडतुसांचं चक्र रुंद असतं, पिस्तुलाच्या होल्स्टरमध्ये ते कोंबलं जातं. क्रॉस-ड्रॉ म्हणून केलेलं होल्स्टर मुठीकडे थोडं कललेलं असतं. उजव्या कमरेचं साधं होल्स्टर डावीकडे लावून भागत नाही, कारण मूठ पुढं आली तरी त्याचा कल चुकीचा असतो. डावखुऱ्यासाठी केलेलं साधं होल्स्टर लावायचा जुगाडही करू नका, त्यात मूठ मागं तोंड करून राहते. हत्यार बाहेर आलं तरी तोंड उघडं राहावं इतकं ते कडक हवं, नाहीतर परत ठेवताना डाव्या हातानं तोंड फाकवावं लागतं आणि तो हात नळीसमोर येतो.

पट्टा रोजचा पातळ चालत नाही. दीड इंच रुंद, दुहेरी चामड्याचा, आडवा धरला तर न लवणारा. 700 ग्रॅम वजन पुढच्या बाजूला लटकलं की पातळ पट्टा वळतो, होल्स्टर बाहेर झुकतं आणि मूठ उघडी पडते. होल्स्टरचं पट्ट्याचं घर आणि पट्टा यांत फट राहू देऊ नका.

चामडं की कडक प्लास्टिक, हा प्रश्न आपल्या सातारा जिल्ह्यात पावसानं सोडवलेला आहे. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण-खटावला 500 च्या आसपास. माणमधल्या दहिवडीत चामडं वर्षानुवर्षं टिकतं. पाटण, कोयना, बामणोलीकडे श्रावणात त्याला हिरवट बुरशी येते, ते फुगतं, मूठ घट्ट बसते आणि नळीवर गंजाचे ठिपके पडतात. घाटमाथ्याकडे राहणाऱ्यानं प्लास्टिकचं घ्यावं. पूर्वेकडच्यांनी चामड्याचं खुशाल घ्यावं, ते अंगाला मऊ आणि बिनआवाजाचं असतं.

काढणं आणि परत ठेवणं

प्रशिक्षकासमोर शिका, आणि आधी महिनाभर फक्त लाकडी नमुन्यावर. डावा पाय पुढं टाका म्हणजे डावी कंबर समोरच्या दिशेला येते. असं उभं राहिलं की नळी आडवी फिरण्याऐवजी बरीचशी सरळ वर येते आणि बाजूच्या लोकांवरून कमी जाते. डावा हात वर, पंजा छातीवर चपटा, कोपर उचललेलं. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवशी डावा हात खाली लोंबता ठेवतो आणि लाल ठिपका त्याच्या मनगटावर बसतो. उजव्या हातानं मूठ पक्की धरा, अंगठ्यानं बटण उघडा, बोट चापाच्या बाहेर सरळ. वर काढा, मगच समोर न्या. वेग विसरा. शंभर वेळा ठिपका हातावर न पडता निघालं की मग वेगाचं बोलू.

परत ठेवणं काढण्यापेक्षा धोक्याचं आहे. नळी पोटासमोरून डावीकडे जाते आणि शर्टाची कड होल्स्टरमध्ये शिरून चापाला अडकू शकते. म्हणून थांबा. बोट बाहेर आहे का बघा. डाव्या हातानं जॅकेट लांब ओढून तो हात मागं न्या, होल्स्टरच्या तोंडाशी आणू नका. खाली बघा, आत काही नाही ना याची खात्री करा, घोड्यावर, म्हणजे मागच्या हातोडीवर, अंगठा ठेवा आणि सावकाश सरकवा. घोडा हलतोय असं अंगठ्याला जाणवलं तर तिथंच थांबा. घाई असेल, अंधार असेल, हात थरथरत असेल तर होल्स्टरच पट्ट्यावरून काढा, हत्यार सुरक्षित दिशेला धरून त्यात घाला आणि मग दोन्ही मिळून पट्ट्यावर लावा.

घरी आल्यावर हत्यार रिकामं करा आणि चामड्यातून बाहेर काढा. चामड्यात ओल असते, आणि ते कमावताना वापरलेल्या पदार्थांनी पितळी काडतुसांवर हिरवा थर चढतो. रिव्हॉल्व्हर पुसून, तेलाचा हात फिरवून कुलपात; काडतुसं दुसऱ्या कुलपात; होल्स्टर सावलीत खुंटीला, तोंड खाली करून. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवलं तर चामडं आक्रसतं आणि दुसऱ्या दिवशी बटण लागत नाही.